मुसाफिर आणि मजले

हजहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे आधी दुआ मागायला सांगतात. लगेच दुसरा प्रश्न येतो, 'हॉटेल हरमपासून किती लांब होतं?' जुन्या नाशकातल्या गल्ल्यांतही आता 'हरम व्ह्यू' हा शब्द रुळला आहे.

मक्केत हरम शरीफला लागून अबराज अल-बैत हा इमारतींचा समूह उभा आहे. तो २०१२ मध्ये पूर्ण झाला. त्यातला घड्याळाचा मनोरा ६०१ मीटर उंच आहे. त्यासाठी अजयादचा उस्मानी काळातला किल्ला २००२ मध्ये पाडला गेला, तेव्हा तुर्कस्तानने निषेध नोंदवला होता. इथल्या आलिशान हॉटेलांत खिडकीतून काबा दिसतो आणि तशा खोलीचे भाडे अर्थातच जास्त असते.

यात गैर काय, असे कोणी विचारेल. तो प्रश्न रास्त आहे. लाखो हाजी बैठ्या घरांत मावणार नाहीत. शिवाय हा समूह वक्फ आहे. तेव्हा आक्षेप उंचीवर नाही, आरामावरही नाही. प्रश्न एवढाच आहे की, जवळीक कोणाला मिळावी हे कशावरून ठरावे?

सूरह हजमध्ये मस्जिदे हरामच्या बाबतीत तिथला रहिवासी आणि बाहेरून आलेला यांना समान म्हटले आहे. याच आधारावर मक्केतल्या घरांचे भाडे घ्यावे की नाही, यावर फुकहांत मतभेद झाले. इमाम शाफईंनी ते जायज मानले, तर इमाम अबू हनीफांकडे हजच्या दिवसांतले भाडे नापसंत असल्याचे मत सापडते. हाजींना कुठेही उतरता यावे म्हणून घरांना दरवाजे लावू नका, अशी ताकीद हजरत उमर यांनी दिल्याची रिवायतही आहे. म्हणजे हा प्रश्न आजचा नाही.

एहरामच्या दोन चादरींत शेठ आणि हमाल ओळखू येत नाहीत. पण तवाफ संपला की एकजण लिफ्टने तिसाव्या मजल्यावर जातो आणि दुसरा काही किलोमीटरवरच्या अझीझियाची बस शोधतो. चादरीने मिटवलेला फरक लिफ्ट पुन्हा दाखवून देते. त्यातही गुडघे दुखणारी म्हातारी बसच्या रांगेत असते आणि धडधाकट तरुण खिडकीपाशी.

मुसाफिराची सोय करण्याची दुसरी रीतही आपल्याला माहीत आहे. निजामाच्या रुबातमध्ये जुन्या हैदराबाद संस्थानातल्या हाजींना मोफत जागा मिळत आली. त्यामुळे वैजापूरचा हाजी त्यास पात्र ठरतो, शेजारच्या येवल्याचा नाही. मुंबईत साबू सिद्दीक मुसाफिरखान्याने हाजींच्या कित्येक पिढ्यांना आसरा दिला. आपल्या नाशकातही गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. बांधणारा माणूस स्वतः मात्र झोपडीत राहत असे. या ठिकाणी मुसाफिराला जागा मिळाली ती हक्क म्हणून, ऐपत पाहून नव्हे.

ज्याची ऐपत आहे त्याने जवळ राहावे, त्याला गुनहगार ठरवण्याचा अधिकार कोणाला नाही. पण भाड्याने अंतर कमी होते, दर्जा वाढत नाही, हे त्याने ध्यानात ठेवावे. आणि घरातले चार-पाच जण एकत्र निघत असतील, तर बुकिंगपूर्वी एवढा विचार जरूर करावा: पैसे जेमतेम एका जवळच्या खोलीपुरते असतील, तर ती खोली म्हाताऱ्यांना द्यावी. तरुणांनी अझीझियाची बस धरावी. निदान आपल्या घरापुरती तरी जवळीक गरजेवरून ठरेल.