साकीन मौजे थळ

जुन्या दस्तऐवजांत नावापुढे 'साकीन' असा शब्द येत असे. साकीन मौजे थळ, म्हणजे थळचा राहणारा. कचेरीत रुळलेल्या या शब्दाचे मूळ अरबी आहे. त्याच धातूपासून 'सुकून' आला, 'मसकन' म्हणजे राहते घर आले आणि 'मिस्कीन'ही आला. घर, मनाची स्वस्थता आणि ज्याच्यापाशी काही उरले नाही असा गरीब माणूस, हे तिघे शब्दांच्या एकाच कुळातले. कुरआनच्या सूरह नहलमध्ये अल्लाहच्या देणग्यांची मोजदाद आहे. तीत घर येते ते विसाव्याची जागा म्हणून, आणि लगेच कातड्याच्या तंबूंचाही उल्लेख येतो. भिंती पक्क्या असाव्यात अशी अट तिथे नाही. मग घर कोणाचे म्हणायचे? घरपट्टी ज्याच्या नावावर येते त्याचे, की ज्याला तिथे विसावा मिळतो त्याचे?

थळच्या किनाऱ्यावर हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. शेजारच्या नवगावला बेने इस्राईल लोकांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले अशी त्या समाजाची परंपरा सांगते. ते इथे तेलाचे घाणे चालवू लागले, शनवारी काम बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' झाले, आणि गावांनी त्यांना आडनावे दिली: नवगावकर, किहीमकर, पेणकर. १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य इस्राईलला गेले. हाईम सॅम्युअल किहीमकरांनी १८९७ साली लिहिलेला या समाजाचा इतिहास तर १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. किहीम त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बसून तिकडे पोचले. आपल्या कोकणी मुसलमानांतही गावावरून पडलेली आडनावे काय कमी आहेत? 'कर' हा प्रत्यय लावताना गावाने कोणाकडे कागद मागितला नव्हता, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

एस्थर डेव्हिड यांची 'बुक ऑफ रेचल' ही कादंबरी (२००६) याच अलिबागकडच्या किनाऱ्यावर घडते. मुले इस्राईलला गेली आहेत, म्हातारी रेचल मागे राहिली आहे आणि ओस पडलेल्या सिनेगॉगची झाडलोट करते आहे. जमिनीवर डोळा ठेवणारे येतात, ती हटत नाही. प्रार्थनेला माणसे नाहीत, तरी ती जागा कोणाची याबद्दल वाचकाला शंका राहत नाही.

आणखी एक पुस्तक, जे छापलेलेच नव्हते. मुंबईच्या तय्यबजी कुटुंबाची किहीमला घरे होती. या कुटुंबात घराची वही ठेवण्याची रीत होती, तिला 'अखबार' म्हणत. घरातल्या स्त्रिया, पुरुष, मुले, आलेले पाहुणे, जो तो तीत लिही. पाहुण्यालाही घराच्या वहीत लिहायचा हक्क असावा, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. (याच किहीमला १९३० साली सालीम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन पाहते आणि पसंत पडले तरच संसार मांडते. नापसंत घरटी तशीच लोंबत राहतात.)

मक्का जिंकल्यावर पैगंबर (स.) यांना विचारले गेले, आपण कोठे उतरणार? त्यांनी उलट विचारले, अकीलने आमच्यासाठी एखादे घर ठेवले आहे का? चुलतभाऊ अकीलने घराण्याची घरे केव्हाच विकून टाकली होती. ज्या शहरावर त्यांचे सर्वांत अधिक प्रेम होते, ते हाती आले असतानाही त्यांनी कोणाला घराबाहेर काढले नाही. तंबू ठोकला आणि पुढे ते मदीनेला परतले, जिथे अन्सारांनी आपल्या घरांत जागा करून दिली होती.

यावर कोणी म्हणेल, हा तर बळकावणाऱ्याच्या सोयीचा न्याय झाला. तसे नाही. सोडून देण्याचा अधिकार फक्त ज्याचे गेले त्याचा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली राहती जागा सोडून मुंब्र्याला गेलेल्या कुटुंबाला 'आता विसरा' असे सांगण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि पैगंबरांचे उदाहरण त्यांच्या तोंडावर फेकण्याचा तर नाहीच.

पण जिथे किल्ली आपल्याच खिशात आहे तिथे काय? थळ-किहीमला मुंबईकरांचे बंगले आठवडाभर बंद असतात, त्यावर आपण सहज बोट ठेवतो. कोकणातली आपली घरे तरी वेगळी कुठे आहेत? कुवेत-दुबईच्या पैशाने माडी चढली, लाद्या बसल्या, आणि दार उघडते ते लग्नाला किंवा मे महिन्यात. गावात शाळेवर बदलून आलेला मास्तर भाड्याची खोली शोधत हिंडतो. त्याला का देत नाही, असे विचारले तर उत्तर येते, घर खराब होईल.

अशा घरांना बहुधा एक राखणदार असतो. मागच्या पडवीत तो बायकामुलांसह राहतो. विहिरीला पाणी कधी आटते, कौल कुठे गळते, रात्री कुठला कुत्रा भुंकतो हे त्यालाच ठाऊक. त्याची मुले त्या अंगणात चालायला शिकली. शाळेच्या दाखल्यावर मात्र पत्ता लिहिताना तो मालकाला फोन करून विचारतो, हा लिहू का?