सल्ल्याची किंमत कोणी मोजावी?

वडीलधाऱ्यांनी धाकट्यांना सल्ला द्यावा हे आपल्याकडे इतके गृहीत धरलेले आहे की, सल्ला देणे ही स्वतःच एक नैतिक कृती आहे आणि म्हणून ती योग्य किंवा अयोग्य असू शकते, याचा विचार क्वचितच होतो. कर्ज देणारा आपला पैसा पणाला लावतो, वैद्य आपली कीर्ती पणाला लावतो. सल्ला देणाऱ्याचे मात्र बहुधा काहीच जात नाही. सल्ला फसला तर भोगायचे ते ऐकणाऱ्याने. अशा व्यवहारात सल्लागाराचे कर्तव्य नेमके कोणते, हा प्रश्न येथे एका उदाहरणाच्या आधारे तपासून पाहावयाचा आहे. ते उदाहरण आज पुष्कळ घरांत उपस्थित होते. दहावी-बारावीतला मुलगा किंवा मुलगी म्हणते, ‘मला अ‍ॅनिमेशनमध्ये काम करायचे आहे.’ आणि घरातील थोर मंडळींकडे पाहते.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांना सल्ल्याची मोठी परंपरा आहे. दरबारची चाकरी, दप्तर, शिक्षकी, वकिली, पुढे रेल्वे आणि बँक या वाटा आजोबांनी स्वतः चाललेल्या किंवा निदान जवळून पाहिलेल्या असत. कोणत्या वळणावर दगड आहे हे त्यांना ठाऊक असे आणि म्हणून त्यांच्या शब्दाला वजन असे. अ‍ॅनिमेशनच्या बाबतीत ही स्थिती नाही. येथे वय आहे, माया आहे, पण अनुभव नाही. अधिकार मात्र जुन्याच सवयीने वापरला जातो. तेव्हा सल्लागाराचे पहिले कर्तव्य हे की, ज्याविषयी बोलायचे ते काम काय आहे एवढे तरी आधी समजून घ्यावे.

चित्रपटाच्या पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. हाताने काढलेल्या चित्रपटात बरेचदा एकच चित्र दोन चौकटींसाठी वापरतात. म्हणजे सेकंदाला बारा आणि मिनिटाला सातशे वीस चित्रे झाली. दहा मिनिटांच्या गोष्टीत एकच पात्र सतत हलत असेल, तर त्या एका पात्राची सात हजार दोनशे रेखाटने होतात. प्रमुख कलावंत हालचालीच्या मुख्य अवस्था काढतो आणि त्यांच्या मधली चित्रे दुसरे हात भरतात. संगणकावरील कामातही हीच विभागणी आहे. कोणी पात्राचा देह घडवितो, कोणी त्याला सांधे बसवितो, कोणी त्याला चालवितो, कोणी प्रकाश पाडतो. दृश्यपरिणामांच्या कामात नव्या उमेदवाराच्या वाट्याला पुष्कळदा रोटोस्कोपी येते, म्हणजे चित्रीकरणातील माणसाची कड चौकटीमागून चौकट रेखून तो पार्श्वभूमीपासून वेगळा करणे. भारतातील स्टुडिओंत परदेशी चित्रपटांसाठी असे कंत्राटी काम मोठ्या प्रमाणावर होत आले आहे. बालपणी ज्या चित्रपटाने वेड लावले, त्याच्यासारख्याच एखाद्या चित्रपटावर काम मिळते खरे. पण वाट्याला येते ती एखाद्या घोड्याच्या आयाळीची कड.

हा उद्योग परका आहे असे समजून त्याला दूर सारणेही बरोबर नाही. दादासाहेब फाळके हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, पण त्यापूर्वी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप रोज थोडे थोडे टिपून ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म तयार केली होती आणि ती दाखवून भांडवल उभे केले होते. पुढे १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या फिल्मसाठी त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर चालविल्या. प्रभातने १९३४ साली ‘जंबुकाका’ हा व्यंगचित्रपट काढला. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमधील कार्टून विभागात डिस्नेचे कलावंत क्लेअर वीक्स यांनी भारतीय चित्रकारांना शिकविले आणि तेथे १९५६ साली रुजू झालेले राम मोहन पुढे पिढ्या घडविणारे गुरू ठरले. विजया मुळे यांच्या दिग्दर्शनाखाली १९७४ साली झालेली ‘एक अनेक और एकता’ ही फिल्म दूरदर्शनवर पाहिलेली पिढी आज आजी-आजोबा होऊ लागली आहे. तेव्हा मूल जे मागते आहे ते खूळ नव्हे. त्या विद्येला वंशावळ आहे.

आता आपल्या नेहमीच्या दोन उत्तरांकडे वळू. पहिले उत्तर, ‘आधी चांगली पदवी घे, मग काय ते कर.’ दुसरे, अलीकडे अधिक ऐकू येणारे, ‘तुला आवडते ना, मग मनाचे ऐक.’ पहिले कठोर आणि दुसरे उदार वाटते. पण दोहोंत एक साम्य आहे. दोन्ही उत्तरे देणाऱ्याला जबाबदारीतून मोकळे करतात. पहिल्यात मूल खंतावले तर आपण म्हणतो, ‘तुझ्या भल्यासाठीच सांगितले.’ दुसऱ्यात ते फसले तर म्हणतो, ‘निवड तुझीच होती.’ दोन्ही उत्तरे त्या कामाविषयी किंवा त्या मुलाविषयी काहीही न जाणता देता येतात, हाच त्यांचा नैतिक दोष आहे.

यावर कोणी म्हणेल की, सल्ल्याची पारख परिणामावरून होते. मूल यशस्वी झाले तर सल्ला चांगला. हे मत सोपे आहे, परंतु टिकत नाही. फाळक्यांना विलायतेला जाण्यासाठी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकाव्या लागल्या. त्यांनी भारतीय चित्रपटाचा पाया घातला. आणि १९४४ साली नाशिकला त्यांचा अंत झाला तो विपन्नावस्थेत. त्यांना प्रारंभी ‘पुढे जा’ म्हणणारा हितचिंतक बरोबर होता की चूक? १९१३ चा परिणाम पाहिला तर बरोबर, १९४४ चा पाहिला तर चूक. जो निर्णय वर्षागणिक बदलतो तो नीतीचा निर्णय नव्हे. सल्ला देताना जे ठाऊक होते किंवा कष्ट घेतले असते तर ठाऊक होऊ शकले असते, ते सर्व प्रामाणिकपणे सांगितले काय, एवढीच सल्ल्याची खरी कसोटी आहे. परिणाम दैवाच्या हाती असेल. प्रामाणिकपणा आपल्या हाती आहे.

या कसोटीने मुलाला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली ही की, पाहण्याची आवड आणि करण्याची आवड या भिन्न वस्तू आहेत. भोजनाची आवड असणारा प्रत्येक जण चुलीपुढे उभा राहून सुखी होत नाही. याची परीक्षा प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी घरीच घेता येते. दोन महिने रोज तासभर चालती-बोलती माणसे, गुरे, पाखरे पाहून रेखाटावीत. मग तीस सेकंदांची एक छोटी फिल्म एकट्याने आरंभापासून शेवटापर्यंत पुरी करावी. ती सुंदर नसली तरी चालेल, पुरी झाली पाहिजे. फाळक्यांचे वाटाण्याचे रोप हे याच प्रकारचे प्रमाण होते. ज्याला पंधराव्या दिवशी कंटाळा आला त्याला आपल्याविषयी काही कळले, आणि ते फुकटात कळले.

दुसरी गोष्ट नावाची. या क्षेत्रातील पुष्कळ काम निनावी असते. तेवढ्याने ते हलके ठरत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी परंपरेतील चित्रे पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. ती रंगविणाऱ्या हातांची नावे आपल्याला कुठे माहीत आहेत? पण येथे एक सूक्ष्म फसवणूक संभवते. फळाची आस न धरता कर्म करावे हे तत्त्व माणसाने स्वतःला सांगायचे असते. ते दुसऱ्याला सांगून त्याचे फळ आपल्या पदरात घेणे हा त्या तत्त्वाचा द्रोह आहे. १९४१ साली डिस्नेच्या चित्रकारांनी संप केला, त्यात वेतनातील विषमतेबरोबरच श्रेयनामावलीत नाव असण्याचाही प्रश्न होता. ‘लाइफ ऑफ पाय’ला दृश्यपरिणामांचे ऑस्कर २०१३ च्या फेब्रुवारीत मिळाले, त्याच महिन्यात ते काम करणाऱ्या ‘रिदम अँड ह्यूज’ने दिवाळखोरी जाहीर केली होती, तिच्या शाखा मुंबई आणि हैदराबाद येथेही होत्या. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर समूह कोसळला तेव्हा बंगळूर आणि मुंबई येथील त्याचे स्टुडिओ एकाएकी बंद झाले. म्हणून मुलाला कामावर निष्ठा शिकवावी, पण करारपत्र वाचायलाही शिकवावे. कलेवरील प्रेम हे पगार बुडविण्याचे निमित्त होऊ शकत नाही, हे आपण सांगितले नाही तर कोण सांगणार?

तिसरी गोष्ट यंत्राची. मजकूर दिला की हलती चित्रे तयार करून देणारी साधने २०२४ पासून सर्वांच्या नजरेस आली आहेत. मधली चित्रे भरणे, कडा रेखणे ही शिकाऊ उमेदवाराची कामेच यंत्राच्या आवाक्यात आधी येतात, आणि शिडीच्या खालच्या पायऱ्या काढल्या तर वर चढायचे कसे, हा खरा पेच आहे. त्याचे तयार उत्तर कोणापाशी नाही. तसे उत्तर असल्याचा आव आणणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहावे. एवढे मात्र म्हणता येते की, एखादे सॉफ्टवेअर येते यावर उभे केलेले शिक्षण त्या सॉफ्टवेअरइतकेच टिकते. रेखाटन, देहबोलीचे निरीक्षण, अभिनयाची जाण आणि गोष्ट सांगण्याची हातोटी यांचे आयुष्य अधिक आहे.

संस्था निवडतानाही हेच धोरण ठेवावे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, पवईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्र येथे प्रवेश परीक्षेने मिळतो आणि जागा थोड्या असतात. अन्य कोठे जायचे तर माहितीपुस्तकापेक्षा तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पाच-सहा विद्यार्थ्यांना भेटावे. ते आज काय करतात, पहिला पगार किती होता, शिकविणाऱ्यांनी स्वतः काय केले आहे, हे विचारावे. शुल्कासाठी कर्ज काढायचे असेल तर पहिल्या पगारातून हप्ता जाऊन काय उरेल याचा हिशेब मुलासमक्ष मांडावा.

आणि मग सल्लागाराचा वाटा उरतो. फाळक्यांच्या साहसाची कथा सांगताना सरस्वतीबाईंचा उल्लेख आपण ओझरता करतो. त्यांनी सर्व मंडळींचा स्वयंपाक सांभाळला आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही केले. दुसऱ्याच्या ध्यासाची किंमत कोणीतरी घरात बसून मोजत असते. हल्लीच्या घरांत ही किंमत कोण मोजणार, हे आधी मोकळेपणी ठरावे. थोरल्याच्या चित्रकलेसाठी धाकटीच्या शिक्षणाला कात्री लागणार असेल, तर ‘मनाचे ऐक’ हा सल्ला उदार नाही. त्याचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलेले आहे. उलट, ‘तीन वर्षे घरखर्चाची चिंता करू नकोस, दर सहा महिन्यांनी केलेले काम आम्हाला दाखव, आणि मागे फिरावेसे वाटले तर दार उघडे आहे’ असे जे आई-वडील सांगू शकतात, त्यांच्या सल्ल्यात त्यांचे स्वतःचेही काही गुंतलेले असते. ज्यांना तेवढी ऐपत नाही त्यांनी तसे स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा नाही. मुलाला खरी परिस्थिती कळली तर ते नोकरी करून रात्री रेखाटण्याची वाटही शोधू शकते.

आपले पूर्वज घाट आणि नद्या ओलांडून परमुलुखात आले, तेव्हा त्यांनाही कोणी ‘जाऊ नका’ म्हटले असेल आणि कोणी ‘जा’ म्हटले असेल. त्यांच्या उपयोगी पडला असेल तो वाटेतील पाणवठ्यांची खरी माहिती देणारा आणि निघताना शिदोरी बांधून देणारा. आपल्या मुलांना आपल्याकडून याहून निराळे काही नको आहे.