वाट आणि वाहन

वाहनांचा इतिहास सांगणारे ग्रंथ बहुधा चाकापासून आरंभ करतात आणि मग बग्घी, आगगाडी, मोटार अशा पायऱ्या चढत जातात. परंतु रशियासारख्या हिमप्रदेशाकडे पाहिले की हा क्रम मुळातच संशयास्पद वाटू लागतो. उन्हाळ्यात जेथे गाडी आसापर्यंत रुतावी, त्याच दलदलींवर आणि नद्यांवर हिवाळ्यात बर्फाचा थर बसला की बिनचाकांची घसरगाडी घोडे भरधाव ओढीत नेत. सम्राज्ञी एलिझाबेथ १७४२ मध्ये राज्याभिषेकासाठी मॉस्कोला गेली ती अशाच एका बंदिस्त, नक्षीदार घसरगाडीतून. शेतकऱ्याच्या ओबडधोबड घसरगाडीत आणि तिच्या गाडीत थाटाचा फरक कितीही असो, वाट एकच होती, आणि ती निसर्गाने फुकट घालून दिलेली होती.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत निसर्गाचा व्यवहार नेमका उलटा. येथे चार महिने कोसळणारा पाऊस असलेली वाटही पुसून टाकतो. मुकणे घराण्याचे संस्थान ह्या मुलखात चौदाव्या शतकापासून १९४८ पर्यंत टिकले, त्याचे श्रेय पराक्रमाइतकेच दुर्गमतेलाही द्यावे लागेल. राजांना हे रुचले नसते, ते असो. चाक चालत नाही तेथे भार वाहतो तो माणसाचा खांदा, आणि खांदा हेच वाहन ठरले की वाहणाऱ्याच्या संमतीचा प्रश्न हळूहळू मागे पडतो व वेठबिगारीची वहिवाट पडते.

रस्ता बांधणे हे सरकारचे कर्तव्य होय, ही कल्पना आपल्याकडे फार उशिरा आणि भलत्याच दाराने आली. गव्हर्नर मालकम याने १८३० मध्ये बोरघाट चाकाच्या गाड्यांना खुला केला, तो लष्कराची व व्यापाराची सोय पाहून. डोंगरातल्या रयतेचा विचार त्यात नव्हता. १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकामाचे स्वतंत्र खाते झाले, १८७४ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यांच्या ट्रामगाड्या धावू लागल्या, तरी ‘सार्वजनिक’ ह्या शब्दाची हद्द घाटाच्या पायथ्याशीच संपत होती. ती पुढे सरकवली ती वाहणाऱ्यांनीच: शेजारच्या डहाणू-उंबरगावकडील वारल्यांनी १९४५ मध्ये वेठीविरुद्ध उठाव केला, तेव्हा आमचे श्रम गृहीत धरू नका असे त्यांनी प्रथमच जाहीरपणे बजावले. पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने काम मागण्याचा हक्क दिला, आणि ज्यांच्या पाड्याला रस्ता नव्हता त्यांनाच खडी फोडून रस्ते करण्याची मजुरी मिळू लागली. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने रस्ता हा वस्तीचा हक्क मानला खरा, पण त्याला शिरगणतीची अट घातली: मैदानी मुलखात ५००, डोंगराळ व आदिवासी क्षेत्रात २५० लोकसंख्या. मंत्रालयात बसून वाचताना ही सवलत उदार वाटते. टेकडीटेकडीवर विखुरलेल्या दहा-वीस घरांच्या पाड्याला मात्र ती दाराबाहेरच उभी करते.

म्हणून डोली अद्याप संग्रहालयात गेलेली नाही. एक मजबूत बांबू, त्याला दोन टोकांनी गाठ मारून बांधलेली चादर, तिच्यात प्रसूतिवेदनांनी आखडलेली बाई. पुढचा गडी निसरड्या दगडावर पाऊल रोवीपर्यंत मागचा थांबतो, आणि खांदा बदलायचा तोही चालता चालता. डांबरी रस्ता लागला की तेथून पुढे रुग्णवाहिका, आणि मग जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय, जे संस्थानिकाच्याच नावाचे आहे.

माझ्या मते रस्त्याची पात्रता ठरविताना माणसे मोजण्याऐवजी हा खांद्यावरचा वेळ मोजावा. पाड्यापासून डांबरापर्यंत रुग्णाला पावसाळ्यात किती घटका लागतात, हे गावच्या आशाताईला आणि डोली वाहणाऱ्यांना बिनचूक ठाऊक असते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्यासाठी एक रकाना पुरेल, आणि तो भरण्यास तालुक्याच्या अभियंत्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.