शंभर दीनारांचे येणे

ख्रिस्ती मंडळीत क्षमेचा उपदेश फार सहज केला जातो. ज्याचे काही कायमचे हिरावले गेले आहे, त्याला 'सोडून दे, मन मोठे कर' असे सांगून सांगणारा मोकळा होतो, आणि ऐकणाऱ्याच्या दुःखाला काही किंमतच नाही असे ठरून जाते. येशूने मात्र ती किंमत नाकारलेली नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करावी? उत्तरात दहा हजार तलांतांचे कर्ज माफ झालेल्या दासाचा दाखला येतो. सुटका होताच तो सोबतीच्या दासाचा शंभर दीनारांसाठी गळा धरतो. हे शंभर दीनार प्रवचनांत चिल्लर म्हणून उडवले जातात, ते मला पटत नाही. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शंभर दीनार बुडाले, तर हातावर पोट असलेल्याचे घर बसते. दासाचे येणे खरे होते, आणि दाखल्यात कोणी ते खोटे ठरवलेले नाही. पण एका तलांताचे साधारण सहा हजार दीनार धरले, तर त्याला माफ झालेली रक्कम सहा कोटी दीनारांची होते; शेकडो पिढ्या राबल्या तरी न फिटणारी. जो स्वतः अशा दयेवर जगतो, त्याला दुसऱ्याचा गळा धरण्याचा अधिकार उरत नाही, एवढेच येशू सांगतो. कडूपणा सोडायचा तो या कारणासाठी. आपले नुकसान लहान होते, असे स्वतःला पटवत बसण्याची गरज नाही.

मग गुन्हेगाराला मोकळे सोडायचे का, हा आक्षेप लगेच येतो. त्याचे उत्तर आपल्याच देशात आहे. 22 जानेवारी 1999 च्या रात्री ओडिशातील केओंझर जिल्ह्यात, मनोहरपूर गावी, कुष्ठरोग्यांमध्ये अनेक वर्षे काम करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे गाडीत झोपले असताना जमावाने त्यांना जिवंत जाळले. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले, आणि त्यानंतरही काही वर्षे त्या बारीपद्यात राहून रुग्णांची सेवा करत राहिल्या. खटला मात्र थांबला नाही. मुख्य आरोपीला 2003 मध्ये फाशीची शिक्षा झाली, 2005 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम ठेवली. आपली क्षमा आणि गुन्ह्याचे कायदेशीर परिणाम यांची गल्लत करू नये, अशीच ग्लॅडिस यांची भूमिका होती. सूड देवावर सोपवावा, असे रोमकरांस पत्रात पौल लिहितो आणि लगेच पुढच्या अध्यायात शासनाला शिक्षेचा अधिकार असल्याचे मान्य करतो. पीडिताने हातातला दगड खाली ठेवला, म्हणून न्यायाधीशाने लेखणी खाली ठेवायची नसते.

याहून अवघड प्रश्न घरातला आहे. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला क्षमेच्या नावाखाली त्याच घरात परत पाठवले जाते, आणि तिने नकार दिला की तिच्याच मनात कडूपणा आहे असे म्हटले जाते. हा शास्त्राचा गैरवापर आहे. मत्तयाचा 18 वा अध्याय पेत्राच्या प्रश्नाने सुरू होत नाही. आधी लहानांना अडखळवणाऱ्याला कठोर इशारा आहे. मग अपराध करणाऱ्या भावाला त्याचा दोष दाखवायचा, ऐकत नसेल तर साक्षीदार न्यायचे, तरीही ऐकत नसेल तर मंडळीपुढे आणायचे, असा क्रम सांगितला आहे. क्षमेची गोष्ट त्यानंतर येते. समोरच्याला पश्चात्ताप झालेला नसतानाही सूडाची इच्छा देवाच्या हाती देता येते. क्रूसावर येशूने मारेकऱ्यांसाठी प्रार्थना केली, तेव्हा त्यांनी काही माफी मागितलेली नव्हती. तुटलेले नाते जोडायला मात्र दोघे लागतात, आणि तिथे अपराध्याचा पालट दिसावा लागतो. बाईने मनातला सूड सोडला, म्हणून तिने दाराची कडी काढलीच पाहिजे असे नाही.

कडूपणा जपणेही निरुपद्रवी नाही, हे मान्यच. इब्री लोकांस पत्राचा लेखक त्याला मूळ म्हणतो आणि त्याने पुष्कळ जण विटाळतात असे बजावतो. आईबापांचे वैर मुलांच्या वाट्याला येते आणि भावकीतले भांडण मंडळीत शिरते. कडूपणा सोडायला वेळ लागतो, आणि एकदा सोडलेला परत वर येतो. पेत्राला मिळालेल्या उत्तरात मोजदाद बंद करायला सांगितले आहे, ते बहुधा याचसाठीही. म्हणून पाळकांना आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना विनंती आहे: दुखावलेल्या माणसाला क्षमा करायला सांगण्याआधी मत्तयाचा तो 18 वा अध्याय पहिल्या वचनापासून वाचा, आणि दुखावणाऱ्याच्या घरी आधी जाऊन या.