दुसऱ्याच्या घामाचे गाणे

गिरणीचे पीठ खाणाऱ्या घरात जात्यावरच्या ओव्या म्हणणे हे ढोंग आहे काय? आपल्याकडे हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. साने गुरुजींनी ओव्या गोळा करून छापल्या, त्या आपण आवडीने वाचतो. जिने उभ्या जन्मात खुंटा हाती धरला नाही अशी मुलगी त्या रंगमंचावर गाते, आणि आपण टाळ्या वाजवतो. तिला हा अधिकार कोणी दिला, असे मध्येच कोणी विचारले, तर तो गृहस्थ आपल्याला हेकट वाटेल. इंग्लंडातील लोकगीतांच्या मंडळींनी मात्र हा प्रश्न गेल्या शतकाच्या मध्यास मोठ्या गांभीर्याने, क्वचित हमरीतुमरीवर येऊनही, विचारला. समुद्रावरील गाण्यांच्या बाबतीत तो जितका उघडा पडतो तितका अन्यत्र क्वचितच पडत असेल.

ए. एल. लॉइड आणि युअन मॅकॉल या जोडीने १९५० नंतरच्या दशकात समुद्रगीतांच्या काही ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यांतील 'ब्लो बॉइज ब्लो' ही नाविकांच्या गाण्यांची आणि 'दॅर शी ब्लोज' ही देवमाशांच्या शिकारीच्या गाण्यांची. दोघेही राजकीय मतांनी साम्यवादी. लोकांचे गाणे लोकांना परत मिळवून द्यावयाचे, ही दोघांचीही तळमळ. परंतु दोघांची समुद्राशी ओळख अगदी निराळ्या प्रकारची होती. लॉइड हा लहानपणी पोरका झालेला. किशोरवयात ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या कुरणांवर राबला, आणि १९३७-३८च्या हंगामात 'सदर्न एम्प्रेस' या जहाजावर नोकरी धरून अंटार्क्टिकच्या समुद्रात देवमाशांच्या शिकारीला जाऊन आला. मॅकॉलचे जन्मनाव जेम्स मिलर. सॉलफर्डच्या एका ओतारी कामगाराचा हा मुलगा. पेशाने नट आणि नाटककार. समुद्रावर पोट भरण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नव्हता. एकाच तबकडीवर हे दोन आवाज एकामागून एक ऐकू येतात, आणि ऐकणाऱ्याला यांपैकी खरा खलाशी कोणता, हे केवळ आवाजावरून सांगता येईल असे मला वाटत नाही.

शिडाच्या जहाजावरील कामाच्या गाण्याला तिकडे 'शँटी' म्हणतात. ती करमणूक नव्हती. ओल्या शिडासह जड आडवी काठी डोलकाठीवर चढवावयाची असली, की दहापंधरा माणसे एका दोराला लागत. सगळ्यांनी एकाच क्षणी जोर लावला तरच दोर हाले. नाहीतर हाताची सालटी निघत आणि काठी जागची हलत नसे. एक गडी ओळ म्हणे, बाकीचे पालुपद उचलीत, आणि पालुपदातल्या ठरावीक आघातावर ओढ बसे. नांगर उचलण्याचे उभे चक्र फिरविताना चाल वेगळी, पंपावर पाणी उपसताना वेगळी. म्हणजे ताल हा येथे अलंकार नसून अवजार होता. मुख्य ओळ म्हणणारा गडी ती बहुधा जागच्या जागी रचीत असे, आणि त्याला एक चमत्कारिक मोकळीक होती. कप्तानाचा कंजूषपणा, शिळे अन्न, बुडविलेला पगार, जे एरव्ही तोंडातून निघाले असते तर शिक्षा झाली असती, ते गाण्यात घालून म्हणावयास हरकत नसे. काम होत आहे तोवर वरिष्ठ कानाडोळा करीत. (असली सोय आपल्या कचेऱ्यांतही असती तर किती बरे झाले असते!)

आता या गाण्यांचा मूळ धनी कोण, हे शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. कित्येक चाली अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील बंदरांत कापसाचे गठ्ठे जहाजांत ठासून भरणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांकडून खलाशांनी उचलल्या, असे जाणकार सांगतात. त्या मजुरांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. खलाशांनी त्यांत आपले शब्द घातले, आयर्लंडच्या माणसांनी आपले. १९१४ साली सेसिल शार्प या संग्राहकाने त्यांतील निवडक गाणी पुस्तकरूपाने काढली; त्यांतील बरीचशी वॉचेट गावच्या जॉन शॉर्ट नावाच्या एका म्हाताऱ्या खलाशाकडून लिहून घेतलेली, आणि छापताना त्यांना पियानोची साथ जोडलेली! दिवाणखान्यात बसून दोर ओढण्याची ही सोय पाहून जॉन शॉर्टला काय वाटले असेल, याची कल्पना करण्याचा मोह आवरत नाही.

शिडाची जहाजे गेली आणि वाफेच्या यंत्राला गाण्याची गरज उरली नाही. त्या यंत्राच्या जहाजांवर पुढे आपल्या रत्नागिरीकडील खलाशी आणि गोव्याचे खानसामे शेकड्यांनी राबले; ते काय गुणगुणत होते याची दखल इंग्रजी संग्राहकांच्या वहीत मिळावयाची नाही, कारण त्यांचा कान इंग्रजी गाण्याकडे लागलेला होता. जतन करणाऱ्याची स्मृती अशी नेहमीच निवडक असते. परंतु तो विषय वेगळा.

मग जो दोर आता कोणीच ओढीत नाही, त्याचे गाणे कोणी गावे? मॅकॉलने यावर कडक उत्तर दिले होते. लंडनमध्ये आपल्या मंडळाच्या सभांत त्याने दंडक घातला, की गायकाने आपल्या स्वतःच्या भाषेच्या व परंपरेच्या बाहेरचे गाणे गाऊ नये. इंग्रजाने अमेरिकेतील कैद्याचे गाणे गिरवू नये. नियमामागील हेतू स्वच्छ होता. दुसऱ्याचे दुःख टोपीसारखे डोक्यावर ठेवून मिरविण्याची जी हौस त्या काळच्या तरुणांना लागली होती, तिला त्याला आवर घालावयाचा होता. पण टीकाकारांनी लागलीच विचारले, की सॉलफर्डमध्ये जन्मून स्कॉटिश नाव घेणाऱ्याने आणि स्कॉटिश पोवाडे गाणाऱ्याने ही सीमा नेमकी कोठे आखली? आईबाप स्कॉटिश होते, हे त्याचे उत्तर खरे होते. तथापि आईबापांच्या वारशाने स्कॉटलंड मिळत असेल, समुद्र कसा मिळणार?

माझ्या मते हा अधिकाराचा प्रश्न अशा रीतीने विचारण्यातच काही घोटाळा आहे. भोगलेल्यालाच बोलण्याचा हक्क, असा नियम केला तर बुडून मेलेल्या माणसाविषयी कोणी बोलावयाचेच नाही. शिवाय ज्याने भोगले त्याची वाणी आपोआप खरी होते, असेही नाही. आणि याचे प्रत्यंतर या जोडीतच सापडते.

१९६० साली मॅकॉल, चार्ल्स पार्कर आणि पेगी सीगर यांनी बी.बी.सी.साठी हेरिंग मासेमारीवर 'सिंगिंग द फिशिंग' हा नभोवाणीचा कार्यक्रम केला. कोळ्यांच्या घरी जाऊन त्यांनी त्यांचे बोलणे ध्वनिफितीवर घेतले. त्यांत नॉरफोक किनाऱ्यावरील विंटरटन गावचा सॅम लार्नर हा, १८७८ साली जन्मलेला, ऐंशी ओलांडलेला कोळी होता. लहानपणापासून तो होडीवर गेलेला, जुन्या गाण्यांचा साठा त्याच्यापाशी. त्याच्या बोलण्यातील शब्द, वळणे, धापा ऐकून मॅकॉलने नवे गाणे रचले: 'द शोल्स ऑफ हेरिंग'. पोरवयात होडीवर चढलेल्या कोळ्याचे आयुष्य त्यात आहे. हे गाणे इतके रुजले, की थोड्याच वर्षांत लोक ते जुने, परंपरेचे समजू लागले. आयर्लंडात तर 'शोअर्स ऑफ एरिन' असे त्याचे नावही बदलून गेले. जो कधी समुद्रावर राबला नाही त्याच्या गाण्याला कोळ्यांनी आपले म्हटले.

उलट लॉइडकडे पाहा. देवमाशांच्या रक्ताचा चिखल ज्याने पायाखाली तुडविला, तोच मनुष्य जुनी गाणी लोकांपुढे मांडताना त्यांत गुपचूप हात घालीत असे. कोठे कडवे जोडावे, कोठे चाल बदलावी, आणि एकूण रूप 'परंपरेचे' म्हणून पुढे करावे, अशी त्याची रीत होती हे पुढे अभ्यासकांनी उघडकीस आणले. समुद्राचे नव्हे, पण खाणीचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. 'द रिक्रूटेड कॉलियर' म्हणून त्याने प्रसिद्ध केलेले गाणे मूळचे रॉबर्ट अँडरसन या कम्बर्लंडच्या कवीचे. लॉइडने त्यातील प्रियकराला खाणकामगार करून टाकले. गाणे सुंदर झाले यात शंका नाही. मूळ कवितेपेक्षा सरस झाले असेही कित्येक म्हणतात.

आपण सरकारी नोकरीतली माणसे असल्या प्रश्नाला अगदी अपरिचित नाही. मसुदा एकाचा, दुरुस्ती दुसऱ्याची, सही तिसऱ्याची, हा आपला रोजचा व्यवहार आहे, आणि त्यात कोणी कोणाला फसवीत नाही. कारण टिपणावर प्रत्येकाची आद्याक्षरे असतात. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा जुन्या कागदावर नवी ओळ घालून कागद जुनाच म्हणून सादर केला जातो. लॉइडच्या बाजूने म्हटले जाते, की लोकगीत बदलतच आलेले आहे. जॉन शॉर्टने आपले बदल कोठे नोंदविले होते? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो एका गोष्टीवरून नजर चुकवितो. डेकवरचा गडी गाणे बदली तेव्हा ऐकणाऱ्यांना ते मूळचे कसे होते हे ठाऊक असे; तो कोणाचा विश्वास घेऊन बसलेला नव्हता. लॉइड गायकही होता आणि १९६७ साली 'फोक साँग इन इंग्लंड' लिहिणारा पंडितही. गायक म्हणून बदल करावा आणि पंडित म्हणून त्याच्या जुनेपणाची ग्वाही द्यावी, म्हणजे हिशेब लिहिणाऱ्यानेच तो तपासण्यासारखे झाले. गायकाचे स्वातंत्र्य मी त्याला आनंदाने देईन. ग्वाही देण्याचे स्वातंत्र्य नाही. ज्या अनामिक माणसांवर त्याचे इतके प्रेम होते, त्यांच्या तोंडी त्यांनी न म्हटलेले शब्द घालून त्यांची साक्ष तयार करणे, हे त्यांच्यावर अन्यायच करणे होय, मग त्यामागची राजकीय कळकळ कितीही उदात्त असो.

यात आणखी एक पेच आहे. या गाण्यांतील अर्थ गाणाऱ्याच्या हातात राहिलेला नाही. लॉइड ज्या हंगामात दक्षिणेला गेला त्या एका हंगामात अंटार्क्टिकच्या समुद्रात सुमारे ४६,००० देवमासे मारले गेले. १९८२ साली लॉइड वारला, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव केला. 'दॅर शी ब्लोज'मधील आरोळ्या आज ऐकताना जो शहारा येतो तो गाणाऱ्याने योजिलेला नाही. हेरिंगचेही तेच. १९१३च्या शरदात ग्रेट यार्मथच्या बंदरात हजारावर होड्या दाटल्या होत्या. १९७७ साली उत्तर समुद्रातील हेरिंगची मासेमारीच बंद करावी लागली, कारण मासा उरला नव्हता. मॅकॉलचे गाणे विपुलतेचे होते. त्यातील एक अक्षरही न बदलता ते विलापाचे झाले.

लार्नर १९६५ साली वारला. त्याच्या बोलण्यावरून मॅकॉलने गाणे केले, हे आपण पाहिले. पण मॅकॉल आणि पेगी सीगर यांनी आणखी एक गोष्ट केली. १९६१ साली 'नाउ इज द टाइम फॉर फिशिंग' ही वेगळी तबकडी निघाली. तीत म्हातारा स्वतः गातो, गाता गाता थांबून मासळीच्या, वाऱ्याच्या, पूर्वीच्या कष्टांच्या गोष्टी सांगतो, पुन्हा गाऊ लागतो. सुरांना वयाचा कंप आहे. त्या तबकडीवर गायक म्हणून नाव एकट्या सॅम लार्नरचे आहे.