उसने आणि आपले

आमच्या मंडळाच्या एका मासिक बैठकीत चहापानाच्या वेळी निघालेला विषय माझ्या मनातून अजून गेलेला नाही. नोकरीनिमित्त इटलीत राहणारा माझा भाचा सुट्टीत इंदूरला आला होता. तिथल्या एका खेड्यातील भोजनगृहाचे तो मोठ्या कौतुकाने वर्णन करीत होता. बिअर गावातच बनवतात आणि तिच्या जोडीला ताटात इटलीचे जेवण असते, असे त्याने सांगितले. ते ऐकून आमचे एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, "अरे, तो तर द्राक्षांचा मुलूख. बापजाद्यांची वाइन टाकून दुसऱ्यांची बिअर बनवायची, यात कौतुक कसले? उसन्यावर कोणी मोठा होतो का?"

मी स्वतः मद्य घेत नाही आणि त्यापायी धुळीस मिळालेले संसार मी पाहिले आहेत. तेव्हा मद्याची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. पण काकांचा प्रश्न मुळात मद्याचा नव्हताच. एखादी गोष्ट आपली ठरते ती कशाने? ती आपल्या घरात जन्मली म्हणून, की आपण ती जोपासली म्हणून? खरा प्रश्न हा होता.

प्रथम त्या खेड्याविषयी. उत्तर इटलीत कुनेओ जिल्ह्यात पिओत्सो नावाचे सुमारे हजार वस्तीचे गाव आहे. जगप्रसिद्ध बारोलो वाइनही याच जिल्ह्यातली. अशा मुलखात तेओ मुस्सो या शेतकरी घरातल्या तरुणाने 1986 साली 'बालादिन' नावाचे पानगृह उघडले. बालादिन म्हणजे गावोगाव फिरून खेळ करणारा. आपल्याकडचा बहुरूपी म्हणा. आरंभी तो बाहेरून आणलेल्या, विशेषतः बेल्जियमच्या, बिअर विकत असे. पुढे बेल्जियममध्ये जाऊन तो ती विद्या शिकला आणि 1996 पासून गावातच स्वतःची बिअर बनवू लागला. तिच्यातल्या एका प्रकारात धने आणि संत्र्याची साल घालतात, हे ऐकून आमच्या मंडळातल्या भगिनींनाही गंमत वाटली.

म्हणजे विद्या परक्यांची, हे काकांचे म्हणणे खरेच. पण मग शेजारच्या ताटाकडे पाहावे. त्या प्रांताचा अभिमानाचा पदार्थ म्हणजे 'बान्या काउदा'. तेल, लसूण आणि खारवलेले मासे एकत्र शिजवून केलेले हे कालवण भाज्यांशी खातात. त्या प्रांताला समुद्रकिनारा नाही. मासे येतात ते बाहेरून. खुद्द पिओत्सो गाव शरद ऋतूत भोपळ्यांची जत्रा भरवते, आणि त्या भोपळ्याचे मूळ अमेरिकेत आहे. टोमॅटोही तिथलाच, इटलीत त्याचा पहिला लेखी उल्लेख 1544 सालचा. आज कोणी इटालियन माणसाला टोमॅटो परका म्हणून दाखवावे!

आपल्या घरीही फारसे निराळे नाही. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीइतके सोवळे अन्न कोणते? पण साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा, या सर्वांचे मूळ सातासमुद्रापलीकडे, अमेरिका खंडात. बटाटा हे नावही पोर्तुगीजांकडून आलेले. आमच्या माळव्याचा भुट्ट्याचा कीस घ्या, मकाही तिथलाच. देवाने यांपैकी कशालाही जन्मगाव विचारल्याचे ऐकिवात नाही.

याचा अर्थ उसने आणले ते सर्व आपोआप आपले होते, असा मात्र नव्हे. दारावर परकी पाटी टांगून परक्या नावाचे काहीतरी वाढणे म्हणजे निव्वळ नक्कल होय. घेणाऱ्याने ती विद्या शिकण्याचे कष्ट घेतले पाहिजेत आणि तिच्या बऱ्यावाइटाची जबाबदारी आपल्या शिरावर घेतली पाहिजे. 2016 साली इटलीने अशा हस्तनिर्मित बिअरची व्याख्या कायद्यानेच केली. कारखाना लहान आणि स्वतंत्र हवा, वार्षिक उत्पादन दोन लाख हेक्टोलिटरच्या आत हवे, बिअर पाश्चरीकरण किंवा सूक्ष्मगाळणी न केलेली हवी. या व्याख्येत कुळाची चौकशी नाही. कोण बनवतो आणि कसे बनवतो, एवढेच पाहिले आहे.

मुस्सो यांनी पुढे जव आणि हॉप्सची कडू फुलेही आपल्याच मातीत पिकवायला घेतली. त्याहून मला भावली ती दुसरी गोष्ट. वाइनच्या जुन्या लाकडी पिंपांत त्यांनी आपली बिअर मुरवली. जो मुलूख त्यांनी सोडला असे काकांना वाटत होते, त्याच मुलखाच्या पिंपांकडे ते वळले होते. परके आपलेसे करताना आपले टाकावेच लागते, असे नाही.

काकांच्या प्रश्नामागची वेदना मला ठाऊक आहे. त्यांचे पूर्वज होळकरशाहीत इकडे आले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली गेली, आणि आज त्यांचा नातू त्यांना हिंदीत उत्तरे देतो. इटलीतल्या त्या मुलात त्यांना आपला नातू दिसला असावा. म्हणूनच त्यांना उत्तर देताना मी त्या दिवशी अडखळलो. कारण जोपासल्याने उसने आपले होत असेल, तर न जोपासल्याने आपलेही परके होणार, हे त्याच न्यायाने कबूल करावे लागते. मराठी आपल्या घरात जन्मली, एवढ्या भांडवलावर ती घरात राहणार नाही. आपण नातवाला कधी मराठीत गोष्ट सांगितली का, त्याच्या हिंदीमिश्रित मराठीला हसण्याऐवजी ती प्रेमाने ऐकून घेतली का, हे आधी स्वतःला विचारले पाहिजे.

पुढच्या बैठकीत काका भेटतील तेव्हा हे त्यांच्याशी बोलायचे ठरवले आहे. तो प्रश्न त्यांच्या एकट्याच्या घरचा नाही, माझ्याही घरचा आहे. आणि ते उत्तर मलाही तितकेच जड जाणार आहे.