जोर आणि उंची

2012 च्या पावसाळ्याने मराठवाड्याला दगा दिला आणि पुढच्या उन्हाळ्यात जालना जिल्हा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसला. जालना शहरातल्या नवीन जालना भागाची तहान भागवणारं, निजामाच्या राजवटीत बांधलेलं घाणेवाडीचं तळं गाळाने भरत आलं होतं. तो गाळ काढण्यासाठी शहरातली माणसं घाणेवाडी जलसंरक्षण मंचात एकत्र आली. आसपासचे शेतकरीही पुढे झाले आणि तळ्यातला काळा गाळ ट्रॉल्या भरून रानात नेऊ लागले. हलक्या, मुरमाड जमिनीवर असा गाळ पडला की ओल जास्त दिवस टिकून राहते. दुष्काळात मिळालेलं ते भांडवलच होतं.

त्याच भागातल्या एका गावात एक तरुण शेतकरी होता. अंगाने तगडा, कामाला वाघ, पण बोलायला फटकळ. ट्रॅक्टर घरचाच होता. गाळाचे ढीग रानात पसरायला त्याने ट्रॅक्टरच्या मागे ब्लेड जोडलं. ढीग झपाझप सपाट होऊ लागले. अडचण एकच होती. त्याच्या रानाची वाट चुलत्याच्या बांधावरून जात होती. ट्रॅक्टरची मागची चाकं बांधावरून खाली उतरली की मागचं ब्लेड, पूर्ण उचललेलं असूनही, बांधाच्या माथ्यावर घासायचं. प्रत्येक फेरीला बांधाची माती खरवडून जायची. चार दिवसांत बांधाला खिंडार पडलं.

चुलता येऊन म्हणाला, “अरे, बांध फुटला तर पावसाळ्यात माझी माती ओढ्याला जाईल.”

पुतण्या म्हणाला, “काका, वाट वहिवाटीची आहे. मी काय ट्रॅक्टर डोक्यावर घेऊन जाऊ?”

दुसऱ्या दिवशी वाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या. पुतण्याने रागाने ठरवलं, मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे अर्ज द्यायचा. हा कायदा 1906 चा आहे. अडवलेली वाट मोकळी करून घेण्यासाठी शेतकरी आजही त्याचाच आधार घेतात. अर्ज लिहून खिशात ठेवला, ब्लेड ट्रॅक्टरला तसंच लटकवलं आणि तो नवीन जालन्याकडे निघाला. ब्लेडचा उभा खांब कापून आखूड करायचा आणि जाता जाता तहसिलात अर्ज टाकायचा, असा त्याचा बेत होता.

जालना लोखंडाचं गाव. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या सळया दूरदूरच्या घरांच्या स्लॅबमध्ये गेलेल्या आहेत. मोंढ्याच्या बाजूला एका वेल्डिंगच्या दुकानात एक म्हातारे मिस्त्री बसायचे. लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणत.

“चाचा, हा खांब वीतभर कापा. ब्लेड वर यायला पाहिजे.”

चाचांनी कटरला हात लावला नाही. “ब्लेड पूर्ण उचलून दाखव,” म्हणाले. त्याने लिव्हर ओढला. चाचांनी पात्याखाली हात घातला. जमिनीपासून जेमतेम एक वीत अंतर होतं.

“खांब कापला तर वर येईल,” चाचा म्हणाले, “पण मग खोलगट जागी पातं मातीला टेकणार नाही. आज वर न्यायला कापशील, उद्या खाली न्यायला परत जोडायला येशील.”

“मग मोठे टायर टाकू?”

“तेवढे पैसे आहेत का?”

तरुण गप्प झाला. चाचा ट्रॅक्टरच्या मागे उकिडवे बसले.

अवजाराला तीन जागी धरणारी ही जोडणी घडवली आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने. 1939 मध्ये हेन्री फोर्डच्या कारखान्यातून ती बसवलेले ट्रॅक्टर बाहेर पडू लागले आणि पुढे हीच पद्धत जगभर रुजली. खाली दोन दांडे, वर एक टॉप लिंक. खालच्या दांड्यांना वर ओढतात ते लिफ्ट रॉड. एकाच ट्रॅक्टरला नांगरही लागतो आणि ब्लेडही, म्हणून यात लांबी कमीजास्त करायला आटे असतात आणि कितीतरी ट्रॅक्टरांच्या दांड्यांवर पिन बदलायला एकाहून जास्त भोकं असतात.

चाचांनी बोट ठेवलं. “हे बघ. तुझा लिफ्ट रॉड खालच्या दांड्याच्या मागच्या भोकात आहे. पुढे, ट्रॅक्टरच्या जवळ, दुसरं भोक आहे. ते कधी वापरलंस?”

“नाही. घेतला तेव्हापासून असाच आहे.”

“दार कडीजवळ ढकललं तर बोटाने उघडतं. बिजागरीजवळ ढकललं तर जोर लागतो, पण हात इंचभर सरकला की दाराची कड हातभर जाते. हे तसंच आहे. मागच्या भोकात वजन जास्त उचलतं, उंची कमी मिळते. पुढच्या भोकात उंची जास्त मिळते, वजन कमी पेलतं. पलटी नांगर उचलायचा तर मागचंच भोक पाहिजे. पण तुझं ब्लेड नांगरापेक्षा किती हलकं! तुझ्या लिफ्टमध्ये जोर रिकामा पडलाय आणि उंचीची टंचाई आहे. थोडा जोर दे, थोडी उंची घे.”

त्यांनी ब्लेड जमिनीवर टेकवून इंजिन बंद करायला लावलं. दोन्ही बाजूंच्या पिना पुढच्या भोकात घातल्या आणि दोन्ही लिफ्ट रॉड सारख्या लांबीचे आहेत ना, ते पाहिलं. मग टॉप लिंक फिरवून आखूड केली, तशी ब्लेडची मागची बाजू आणखी वर झाली. शेवटी लिफ्ट सावकाश उचलून दांडे, टायर, मडगार्ड कुठे एकमेकांना अडत नाहीत ना, याची खात्री केली. आता पात्याखाली दोन विती भरून वर जागा राहत होती.

“एक ध्यानात ठेव,” चाचा म्हणाले. “टॉप लिंक आखूड केली की पात्याचा मातीशी कोन बदलतो. रानात पोचलास की परत लांब कर, वाटेला लागलास की आखूड कर. वाटेचं माप वेगळं, कामाचं वेगळं.”

“पैसे किती, चाचा?”

“कापलं काहीच नाही, जोडलं काहीच नाही. चहा सांग.”

चहा पिताना तरुणाने बांधाची सगळी हकिगत सांगितली आणि खिशातला अर्जही दाखवला. चाचांनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, “वाट तुझी असेल, अर्जाने ती मिळेलही. पण बांध मोडला तो तुझ्या ब्लेडने. हा अर्ज म्हणजे खांब कापण्यातलाच प्रकार. आधी पिन बदलून बघ.”

तरुण तहसिलात न जाता गावाकडे वळला. वाटभर त्याच्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. आपल्याकडे जोर कशाचा आहे? ट्रॅक्टर आहे, ब्लेड आहे, अंगात ताकद आहे. काकांकडे यातलं काहीच नाही. त्यांच्याकडे आहे तो एक बांध, आणि तोच आपण मोडला.

संध्याकाळी तो चुलत्याच्या दारात उभा राहिला. “काका, चूक माझी आहे. उद्या खिंडार बुजवतो. माझ्या रानातला दोन ट्रॉल्या गाळ तुमच्या खालच्या तुकड्यात टाकतो आणि ब्लेडने पसरूनही देतो.”

चुलता लगेच विरघळला नाही. “बांध होता तिथंच घाल. एक हात इकडं नको, एक हात तिकडं नको,” एवढंच म्हणून तो आत गेला. पण सकाळी तरुण माती घेऊन पोचला तेव्हा बाभळीच्या काट्या बाजूला सारलेल्या होत्या आणि चुलता फावडं घेऊन बांधावर उभा होता. दोघांनी मिळून बांध घातला, माती धुमसून घट्ट केली. त्यानंतर ब्लेड कितीदा तरी त्या बांधावरून गेलं, पण त्याचं एक ढेकूळही हललं नाही. पाऊस आला तेव्हा माती दोघांच्याही रानात राहिली, आणि तो अर्ज कधीच तहसिलात पोचला नाही.

तात्पर्य : अडचण आली की माणूस आधी कापायला किंवा नवं विकत घ्यायला धावतो. त्याआधी आपल्याकडे काय जास्त आहे आणि काय कमी पडतंय, ते पाहावं. ज्याच्याकडे जोर जास्त आहे त्याने त्यातला थोडा सोडावा. तेवढ्यानेच तो दुसऱ्याचा बांध न मोडता पलीकडे जाण्याइतका उंच होतो.